दळणाची वही

जामसंड्याच्या उतारावर माझी गिरण.
वहीत नाव लिहितो, धान्य लिहितो, किलो लिहितो,
आणि न विचारता कळतं
कोणाच्या घरी या महिन्यात काय बंद झालं.

गणपतीनंतर सामंतबाईंचे गहू यायचे थांबले.
आले ते बदाम. अडीच किलो.
म्हटलं, बाई, दगड तेलकट होतो, पुढच्याचं दळण बिघडतं.
म्हणाल्या, कार्ब सोडलेत मी.
दिवाळीपर्यंत नऊ किलो उतरल्या, खोटं कशाला बोलू,
बँकेचा जिना न थांबता चढायला लागल्या.
बदामाचं बिल त्या जिन्याहून उंच.
आणि स्वभावाचं म्हणाल तर त्यांच्या यजमानांना विचारा,
ते हल्ली पाव खायला बंदरावर येतात.

तेली गुरुजी सोळा तास उपाशी.
साखर सरळ आली म्हणतात, खिशातून रिपोर्ट काढतात,
रिपोर्टाच्या घड्या आता फाटायला आल्यात.
पण मेव्हण्याच्या बाराव्याला पंगत साडेबाराला बसली
आणि गुरुजींची वेळ एकची.
अर्धा तास वाढलेल्या पानासमोर
मान खाली घालून बसले.
वाढप्याला वाटलं, दुःख.

घाडींची मृण्मयी पुण्याहून आली ती
दूध नाही, अंडं नाही, मासे नाहीत करतच.
आई आधी रडली.
मग बोटं मोडत बसली: ओल्या काजूची उसळ,
कुळथाची पिठी, फणसाची भाजी, सोलकढी,
रसातल्या शिरवाळ्या…
हाताची बोटं संपली तेव्हा म्हणाली,
"अगो, ह्यां तर आमी म्हयन्यातले पंधरा दिवस खातंव!"
उरलेल्या पंधरा दिवसांचं काय ते अजून ठरलेलं नाही.
बांगडा भाजायला घेतला की मुलगी अंगणात जाऊन बसते.
वास अंगणातही जातो.

मुनाफ वाडकरांच्या अयानचं वेगळं.
गव्हाचा कण पोटात गेला की पोर आठवडाभर आडवं.
त्याच्यासाठी कोपऱ्यात छोटी चक्की घेतली,
तिने गहू पाहिलेला नाही.
तिच्यावर फडकं, फडक्यावर त्याचं नाव.
वहीत त्याच्यापुढे मी डाएट लिहीत नाही,
पथ्य लिहितो.
डाएट मोडलं की माणसं हसून सांगतात.
पथ्य मोडलं की रुबिना रात्रभर जागी.

नाचणी तर बाबा काळोख पडल्यावर आणायचे,
तांदूळ संपलेत हे शेजारी कळू नये म्हणून.
आता ती पाकिटातून येते, वर हिरवं पान छापलेलं,
भाव तांदळाच्या दुप्पट.
कलमांच्या बागेतला राखणदार मनबहादूरही नाचणीच आणतो.
त्याच्या गावी तिला कोदो म्हणतात,
गरम पाण्यात घोटून खातात.
विचारलं, किती वेळा जेवतोस?
एकदा, म्हणाला. रात्री राखण, दिवसा झोप.
गुरुजींपेक्षा सात तास जास्तच झाले.
त्याला रिपोर्ट कोणी दिला नाही.

माझी स्वतःची साखर दोनशे साठ.
कणकवलीच्या डॉक्टरने कागद दिला: भात अर्धी वाटी.
शालन उकड्या तांदळाचा भात डवलीने वाढते,
अर्धी डवली ताटात, अर्धी तशीच हवेत धरून
माझ्याकडे बघते.
मी ताटावर हात आडवा धरतो.
कधीकधी बोटं फाकवून.

आणि एक, वहीत कुठे लिहीत नाही ते.
कितीही झाडा, ठोका, पिशवी आपटा,
आधीच्याचं मूठभर पीठ गिरणीत राहतंच,
पुढच्याच्या डब्यात पडतं.
सामंतबाईंचे बदाम थोडे मनबहादूरने खाल्लेत,
त्याची नाचणी थोडी गुरुजींनी,
बरोब्बर एक वाजता.
छोटी चक्की तेवढी सोडून.

कोण ते? या.
ठेवा डबा वजनावर.
काय आहे आत?